दुसऱ्याच्या लायब्ररीचं पॅकेज आणि मोराचे पाय

तुझा प्रश्न थोडक्यात असा: जेकार्डची (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइनं उघडणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड, उबंटू या लिनक्समध्ये जुनी आहे म्हणून तू नवीन आवृत्तीचं इन्स्टॉल करायचं पॅकेज करून पीपीएवर, म्हणजे उबंटूसाठीच्या स्वतःच्या पॅकेज-भांडारावर, टाकलंस. आता पंधरा-वीस कारखानेवाले तेच वापरतात. मूळ लेखकाने मात्र लिहून टाकलंय, 'हे पॅकेज आमचं नाही, तक्रारी इकडे आणू नका.' तुला ते लागलं, आणि आता सांभाळू की सोडू असं विचारतोयस.

लागायचं काही कारण नाही, तो बरोबरच बोलतोय. दुसऱ्याने केलेल्या पॅकेजची तक्रार घेऊन दोन तास कोड धुंडाळायचा आणि शेवटी कळायचं की ती ओळ आपली नाहीच, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. तूच पॅकेजच्या वर्णनात पहिल्या ओळीत 'अनधिकृत' लिही आणि खाली तुझा पत्ता दे. तक्रार आधी तुझ्याकडे यावी. तुझे पॅच, म्हणजे मूळ कोडवर तू केलेले बदल, काढून बिल्ड करूनही (कोडपासून चालणारी लायब्ररी बनवूनही) तीच चूक दिसली, तरच त्याच्याकडे पाठव.

आता माझी फजिती सांगतो. मी एक चित्रांची लायब्ररी बरीच वर्षं सांभाळतोय. एका रात्री किरकोळ आवृत्ती आली, बिल्ड लावलं आणि झोपलो. एसओनेम (लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमांशी जुळते का ते सांगणारं आकड्यासकटचं नाव) तोच, लिंटियन (पॅकेज तपासणारं साधन) गप्प, सिंबॉल्सची म्हणजे फंक्शनच्या नावांची फाइलही जुळलेली. सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतून ओळखीच्या कारखानदाराचा फोन: 'काय ओ, मोराचे पाय कुठं गेले?' मला वाटलं चेष्टा करतोय. जाऊन बघतो तर उभ्या चादरीचं डिझाइन स्क्रीनवर चौकोनी रुमालाएवढं, आणि मोर मांडीपासून खाली गायब. लेखकाने एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरावीक क्रमाच्या साच्यात, रुंदीच्या आधी नवीन फील्ड घुसवलं होतं, ओळीला किती बाइट लागतात त्याचं. जुन्या हेडरवर, म्हणजे त्या साच्याच्या जुन्या वर्णनावर, कंपाइल झालेला प्रोग्रॅम त्यालाच रुंदी समजत होता आणि रुंदीला उंची. आठ बिटांचं चित्र, म्हणजे एका ठिपक्याला एकच बाइट, असल्याने पहिले दोन आकडे सारखेच, म्हणून क्रॅशही नाही. फंक्शनची नावं तीच राहिली होती, त्यामुळे सिंबॉल्सच्या फाइलला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. नशीब माझं की माल अजून मागावर चढला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक नव्या आवृत्तीला मी एबीआयडिफ हे तुलनेचं साधन चालवतो, जुनी .so (तयार लायब्ररीची फाइल) आणि नवी .so डिबग माहितीसकट समोरासमोर. स्ट्रक्ट हललं असेल तर पॅकेज थांबवतो आणि लेखकाला कळवतो. एसओनेम आपल्या मनाने वाढवायचा मोह होईल, तो आवर. उद्या त्याने तोच आकडा वेगळ्या बदलासाठी वापरला की तुझं पॅकेज आणि बाकीचं जग एकाच नावाने दोन भाषा बोलायला लागतील.

पॅकेज बनवायच्या सूचना असतात ते तुझं debian हे फोल्डर उघडून बघितलं. सात पॅच आहेत, आणि तिसऱ्याचं वर्णन एवढंच: 'व्हॅलग्राइंडची वॉर्निंग घालवली.' व्हॅलग्राइंड म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं साधन. वाचून खरंच धडकी भरली. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या डेबियन (उबंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स) पॅकेजमध्ये २००६ साली नेमकं हेच झालं. व्हॅलग्राइंड कुरकुर करतंय म्हणून दोन ओळी काढल्या आणि त्यांच्याबरोबर गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणाच (कुणाला ओळखता न येणारे आकडे) गेला. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. एका लांबीच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या, कुणीही बसल्या बसल्या सगळ्या बनवून ठेवाव्यात. मे २००८ मध्ये उघडकीला आलं. आणि ते काही गुपचूप केलेलं नव्हतं, ओपनएसएसएलच्या ईमेल-यादीवर विचारलंही होतं. तू तर विचारलेलंही नाहीस.

सातांपैकी जे लेखकाच्या उपयोगाचे आहेत ते त्याला पाठव. नाकारले तर कारण पॅचच्या माथ्यावर लिहून ठेव. माझ्याकडे आज एकच पॅच उरलाय, तोही फाइलचा मार्ग (पाथ) बदलणारा.

सोर्स टारबॉलमधून, म्हणजे लेखकाने दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यातून, घेतोस ना? तो गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवतात तिथे) त्या आवृत्तीला लावलेल्या टॅगशी ताडून बघत जा. मार्च २०२४ मध्ये सापडलेल्या, एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनातल्या चोरवाटेचा बिल्डमधला तुकडा फक्त टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता.

आवृत्तीचा क्रमांकही सुधार. डॅशनंतर तू १ घातलायस, तिथे शून्य हवं, म्हणजे '२.४.१-०पीपीए१~नोबल१' असं काहीतरी (नोबल हे उबंटूच्या एका आवृत्तीचं नाव). उद्या उबंटूनेच २.४.१ दिली की ती आपोआप वरचढ ठरेल आणि लोक तुझ्या पॅकेजवर अडकून राहणार नाहीत.

सोडायचंच असेल तर गप्प बसून सोडू नकोस. पीपीए बंद पडली तरी कारखान्यांतली जुनी आवृत्ती तशीच चालत राहते, सुरक्षेची भोकं अंगावर घेऊन, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. महिना-दोन महिने आधी सांग, पीपीए-पर्ज या साधनाने अधिकृत पॅकेजवर कसं परतायचं ते लिहून दे, कुणी घेणारा असला तर त्याच्या हाती दे.

माझं विचारशील तर अजून सोडू नकोस. रविवारी गड्ड्याच्या जत्रेला जायचा माझा काही बेत नाही, लॅपटॉप घेऊन घरी ये. तो तिसरा पॅच आधी काढू आणि व्हॅलग्राइंड नक्की कशावर ओरडतंय ते बघू.