डिसेंबरच्या सुरुवातीला गुलमर्गला स्कीइंगपुरता बर्फ असतो का?
जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या (3 डिसेंबर) सुट्टीत मडगावहून गुलमर्गला स्कीइंग शिकायला जावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जाऊ नये. तेथील हिमवृष्टी भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर (पाऊस-बर्फ आणणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींवर) अवलंबून असते आणि आपल्या मृगाच्या पावसासारखा त्यांचा काळ ठरलेला नसतो. 2024 च्या जानेवारीतही तेथील उतार बरेच दिवस बर्फाविना उघडे पडले होते. सुमारे 2,650 मीटरवरील खालच्या उतारांवरचा पहिला बर्फ उन्हाने लवकर वितळतो, आणि पातळ थराखालचे दगड नवशिक्यांसाठी खरोखर धोक्याचे असतात. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधील सर्वांत कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, 21 डिसेंबरला म्हणजे फेस्तानंतरच सुरू होतो. शक्यतो जानेवारीअखेरची तारीख धरावी. हंगामाचा अंदाज केवळ सरासरी कल सांगतो, त्यामुळे निघण्यापूर्वी हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज अवश्य पाहावा.