कतरणीची गोधडी: आधी निवडा, आणि किलोवर काम घेऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला घेतलं, कारण हे सगळं आमच्याकडं होऊन गेलंय. तुम्ही लिहिलंय की ब्लाउज शिवून शिवून कतरणीची पोती साठलीत, त्यातून एक गोधडी केली, ती पहिल्याच धुण्यात जागोजाग आखडली आणि तांबडा रंग पांढऱ्यावर उतरला, आणि आता एक जण म्हणायलाय की मी आणखी कतरण आणून देतो, तुम्ही किलोवर गोधड्या करून द्या. या शेवटच्या गोष्टीसाठीच मुळात मी लिहायलेय. बाकी टाका कसा घालायचा, सुई कोणती, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही शिवणकामातल्या आहात.

आधी कापडाचं बोलू. पोत्यात सगळं एकत्र असतं, टू बाय टू, रुबिया, पॉपलीन, अस्तराचं सूत, टेरिकॉट, क्रेप, नेट, लायक्रा, खणाचे तुकडे, आणि हे सगळं एका गोधडीत गेलं की ती बिघडणारच, कारण नवं सुती कापड धुतल्यावर आटतं आणि पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही, मग दोघांमधली शिवण ओढली जाते आणि चुण्या पडतात. तुमची गोधडी आखडली ती बहुतेक यानंच. त्यात लायक्राचे तुकडे असतील तर ते शिवताना ताणले जातात आणि नंतर परत आत ओढून घेतात. म्हणून डाळीतले खडे निवडतात तशी कतरण निवडायची, आणि निवडण्यात जो वेळ जातो तो कामाचाच धरायचा.

हाताला कळतंच, पण शंका असेल तर दोन धागे काढून पत्र्याच्या ताटलीत जाळून बघा (पोत्यापासून लांब आणि लेकरं जवळ नसताना). सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि काळा कडक मणी राहतो. टेरिकॉट म्हणजे सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण, त्यात दोन्ही सापडतं, थोडी राख आणि थोडा मणी. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. फसवतं ते रेयॉन, ते सुतासारखंच जळतं. त्याला दुसरी युक्ती आहे, धागा ओला करून तोडा, सुताचा धागा ओला झाल्यावर आणखी चिवट होतो आणि रेयॉनचा पटकन तुटतो. हल्ली खणसुद्धा बऱ्याच वेळा पॉलिस्टरचा येतो, काठ बघून रेशीम समजून घालू नका.

रंगाचं म्हणाल तर माझं मत जरा वेगळं आहे, बऱ्याच जणी मिठाच्या पाण्यात भिजवा म्हणतात, तुरटी टाका म्हणतात, माझा त्यावर भरवसा नाही. रंग कच्चा असेल तर मीठ त्याला धरून ठेवत नाही. सगळ्यात जास्त जातं ते तांबड्या, मरून आणि गडद निळ्या अस्तराचं. पांढरा ओला फडका त्या तुकड्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरा, फडक्यावर रंग आला तर तो तुकडा वेगळ्या पिशवीत. धुवून बघायचा असेल तर दोन-तीन वेळा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. बारीक कतरण सुटी धुतली की तिची नुसती गुंतवळ होते, म्हणून जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात गाठोडं बांधून धुवा. पाण्याचं मला कळतंय. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आपण विसरलेलो नाही, टँकरच्या दिवसांत चिंध्या धुवा असं कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. हे काम पावसाळ्याच्या शेवटी उरकून ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात शेतातली कामं आवरली की कोरडी निवडलेली कतरण हाताशी असते.

आता ते किलोचं. आमच्या बचत गटाला एका कार्यालयातून काम आलं होतं, नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तयार कपड्याच्या कारखान्यातली कतरण ते पोत्यानं देणार, आम्ही गोधड्या करायच्या, ते प्रदर्शनात विकणार. कतरण फुकटातली, काम घरबसल्या, बाया खूश होत्या. पण हिशोब वजनावर होता. रजिस्टरला पोत्याचं वजन लिहायचे आणि तेवढ्याच वजनाच्या गोधड्या परत मागायचे, कमी भरलं तर किलोमागं पैसे कापणार. म्हणजे वाईट तुकडा बाजूला काढला की तो आमच्याच मजुरीतून जाणार. पोतं उघडल्या दिवशीच गटातल्या म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, हे कापड बरं नाही, हे ताणतंय, हे निसटतंय. त्यांनी आयुष्यभर वाकळा शिवल्यात, त्यांना जाळून बघायची गरज नव्हती. आम्ही जाऊन सांगितलं की निवडून निघालेली कतरण परत घ्या आणि वजनातून वजा करा. तर म्हणाले तसा रकाना नाही. अर्ज लिहून नेला तर अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, शेवटी साहेब बदलून गेले आणि नवे म्हणाले मला यातलं माहीत नाही.

मग बायांनी सगळी कतरण घातली, दुसरा रस्ताच नव्हता. वजन भरायचं म्हणून थर जाड झाले, जाड थरातून सुई निघेना म्हणून टाके लांब झाले. हे नीट लक्षात घ्या ताई, किलोवर पैसे ठरले की चांगली गोधडी करणारीचं नुकसान होतं आणि कोंबणारीचा फायदा होतो, कारण बारीक टाक्याला वजन नसतं. प्रदर्शनात त्या विकल्या गेल्या, दिसायला छानच होत्या. महिन्याभरात तक्रारी आल्या, आखडली, रंग गेला, आत गोळे झाले. आणि त्या कार्यालयानं काय करावं, तर गटाचं काम निकृष्ट असं लिहून उरलेले पैसे अडकवले. बायांच्या हाताला निकृष्ट म्हणाले! ज्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं त्यांनाच. गटाची शिल्लक त्यात गेली, दोघी-तिघींनी गट सोडला, एकीनं तर पुन्हा सुई धरली नाही. मला आजही त्याचा राग येतो आणि तो जाईल असं वाटत नाही.

म्हणून तुम्हाला जो माणूस भेटलाय त्याला नगावर किंवा लांबी-रुंदीवर दर ठरवायला सांगा, एका खाटेची गोधडी साधारण पाच फूट बाय साडेसात फूट धरतात, त्याचा दर ठरवा. पोत्यातून निवडून निघालेलं त्यानं वजन करून परत न्यायचं हे कागदावर लिहून घ्या. कागदाला तयार नसेल तर सोडून द्या. तुमच्याकडं स्वतःची पोती आहेतच की. (सगळी कार्यालयं अशीच असतात असं मला म्हणायचं नाही, चांगला अनुभव आलेल्या बाया मला माहीत आहेत. मी कायद्याचीही जाणकार नाही, पण पोच घेतल्याशिवाय कुठलाच कागद आणि कुठलीच वस्तू हातातून सोडू नका एवढं मात्र छातीठोक सांगते.)

ब्लाउजच्या कतरणीची आणखी एक अडचण असते, मुंढ्याचे (बाही जोडतात तिथले) आणि गळ्याचे तुकडे वाकडे आणि तिरक्या धाग्याचे असतात, एकमेकांना जोडले की ताणून लांबतात. त्याला मांजरपाटाचा किंवा जुन्या सुती चादरीचा आठ-दहा इंचाचा चौकोन घ्यायचा, त्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात एक पट्टी ठेवायची, दुसरी तिच्यावर उलटी ठेवून शिवायची, पलटायची, दाबायची, असं दोन्हीकडं भरत जायचं आणि शेवटी कडा कापून चौकोन सारखा करायचा. खालचं कापड ताण धरून ठेवतं. दीड इंचाहून अरुंद पट्टी मी घेत नाही, एक इंचातले दोन्हीकडचे पाव-पाव इंच शिवणीत गेले की दिसायला अर्धाच इंच राहतो आणि मागं शिवणीचाच ढीग होतो. चौकोन जोडून झाले की आत एक-दोन थर जुन्या धोतराचे नाहीतर सुती लुगड्याचे, खाली जुनं लुगडं. जुनंच घ्या, ते आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं. सगळं आधी लांब टाक्यांनी टाचून घ्या, मग कडेपासून आत गोल गोल धावदोरा.

रंगसंगती जुळेना म्हणून थांबू नका. कर्नाटकातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकन समाजातल्या, बाया कवंडी म्हणून गोधडी करतात त्यात तुकडे मापात नसतात, कडेपासून लावत मध्यापर्यंत येतात. अमेरिकेत अलाबामात गीज बेंड म्हणून गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायांनी कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या केल्या, 2002 साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि 2006 साली तिथल्या पोस्टानं त्यावर तिकिटं काढली. आमच्या त्या कार्यालयाला सगळ्या गोधड्या एकसारख्या पाहिजे होत्या, कतरण आणि एकसारखं, हे जमणार कसं.

निवडून निघालेलं पॉलिस्टर टाकू नका. लांब पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणी होतात, पोळ्याला बैलांच्या झुलीवर क्रेप आणि जरीचे तुकडे फार खुलतात, अगदी बारीक चुरा लोडात भरता येतो. फक्त तो चुरा गोधडीत आणि लेकराच्या दुपट्यात कुणी काहीही म्हणलं तरी भरू नका, तो गोळा होतो, आत ओल राहते आणि वास सुटतो. कुंची आणि दुपट्याला तर धुतलेलं सूतच.

तुमच्या बिघडलेल्या गोधडीचं: रंग उतरलेला भाग अजून इस्त्रीखाली गेला नसेल तर आशा आहे, थंड पाण्यात साबण घालून रात्रभर भिजत ठेवा, भरपूर पाण्यात, आणि पाणी रंगीत झालं की बदला. पूर्ण जाईलच असं सांगत नाही. आखडलेल्या जागी हात फिरवून ताणणारा तुकडा कोणता ते शोधा, तेवढीच शिवण उसवून तो काढा आणि वरून धुतलेल्या सुताचं ठिगळ लावा, भोवतीचे टाके सैल करून परत घाला. सगळी गोधडी उसवायची गरज पडणार नाही. ते तांबडं अस्तर मात्र काढूनच टाका, ते पुढच्या धुण्यातही रंग सोडणार. आणि कतरणीचे फोटो टाकता आले तर दिवसाउजेडी काढून टाका, मी आणि इथल्या बाकीच्या जणी बघून सांगू काय ठेवायचं ते.