बाळूचं पोट सणासुदीलाच का बिघडतं?

प्रश्न : आमचा बाळू चार वर्षांचा आहे, लॅब्राडॉर आणि गावठी असा मिश्र, वजन २४ किलो. जुलैपासून पाच वेळा त्याचं पोट बिघडलं. आखाडाच्या शेवटच्या रविवारी, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवाळीत, डिसेंबरात नणंदेच्या लग्नात आणि आता मार्चमध्ये, काहीच कारण नसताना. दिवसातून सात-आठ वेळा बाहेर पळतो, दर वेळी थोडीशीच शी, शेंबडासारखी चिकट, कधी शेवटी रक्ताचा एखादा थेंब. गोळ्या-इंजेक्शनने तीन दिवसांत बरा होतो. एरवीही शी अगदी घट्ट अशी नसते. वजन कमी झालेलं नाही, खेळतो-पळतो. सकाळी दूध-पोळी, दुपारी आमचं उरलेलं, रात्री ड्राय फूड. बिघडला की चिकन-भात. घरात आम्ही आठ माणसं. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागते. त्याला कायमचं काय खायला घालावं?
— एक वाचक, इचलकरंजी

ताई, दृष्ट काढायला माझी हरकत नाही. मीठ-मोहऱ्यांना असा कितीसा खर्च येतो! फक्त ओवाळून झाल्यावर त्या बाळूच्या तोंडी लागू देऊ नका.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर घेतलं. आखाड, गौरी, दिवाळी, लग्न. आणि पाचव्या वेळेला तुम्ही लिहिलंय, 'काहीच कारण नसताना'. अहो, मार्चमध्ये होळी असते! पुरण शिजलं असणार, पोळीवर तूप पडलं असणार आणि बाळू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी शेपूट हलवत बसला असणार. त्याच्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० कॅलरी पुरतात. तूप लावलेल्या चार पुरणपोळ्यांत तेवढ्या सहज भरतात. आठ जणांनी 'एवढासाच' म्हणून अर्धी अर्धी घातली की झाल्या चार. वर रात्रीचं ड्राय फूड आहेच.

आता थोडं शीबद्दल, नाक न मुरडता. तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे घाई, थोडं थोडं, चिकट, शेवटी रक्ताचा थेंब, ते मोठ्या आतड्याचं दुखणं असतं. लहान आतडं बिघडलं तर शी भरपूर आणि पाण्यासारखी होते, वेळा फार वाढत नाहीत, पण दुखणं रेंगाळलं तर कुत्रं हळूहळू वाळायला लागतं. बाळूचं वजन टिकून आहे, ही मला तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली ओळ वाटली. तरी खाण्याला हात घालण्याआधी शी तपासून घ्या, आणि एकदा नाही, वेगवेगळ्या तीन दिवसांची. जिआर्डियासारखा जंतू रोज शीतून पडत नाही. एका दिवसाचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून तो नाहीच, असं होत नाही. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं तेही डॉक्टरांना सांगा.

मग दूध. हे लिहिलं की मला दर वेळी रागाची पत्रं येतात, पण लिहितेच. पिल्लाला आईचं दूध पचतं, कारण दुधातली साखर फोडणारा पाचक रस तेव्हा त्याच्या आतड्यात भरपूर असतो. मोठेपणी बहुतेक कुत्र्यांत तो आटतो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, पाणी ओढून घेते. थोडं दूध काहींना चालून जातं, पण ज्याची शी 'एरवीही घट्ट नसते' त्याच्या सकाळच्या वाडग्यावर माझा पहिला संशय. दूध आजपासून बंद. पोळी कशात भिजवायची, असा प्रश्न सासूबाईंना पडेल. पाण्यात भिजवा. बाळू दोन दिवस तोंड फिरवेल, तिसऱ्या दिवशी खाईल.

दुपारचं 'आमचं उरलेलं' तर बंदच करा. आमटी-भाजीत कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. एका घासाने काही होत नाही, पण रोजचा घास चांगला नाही. आखाडातल्या नळ्यांबद्दल काय सांगू? शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या कपच्या उडतात. त्या रविवारनंतरचा सोमवार माझ्या दवाखान्यात नेहमीच गर्दीचा असायचा.

चिकन-भात तुम्ही देता ते बरोबर, पण मला वाटतं तुम्ही तो लवकर थांबवता. बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन उकडून वरची चरबी काढून टाकायची. एक वाटी चिकनला दोन वाट्या मऊ भात. दिवसाचं चार-पाच वेळांत विभागून, पोटभर नाही. शी घट्ट झाली की पुढे दोन दिवस तेच. त्यानंतर नेहमीचं खाणं एकदम सुरू करायचं नाही. आधी चतुर्थांश मिसळायचं, मग निम्मं, असं करत पूर्ण आठवडा घ्यायचा. आणि चिकन-भात हे पथ्य आहे, रोजचं जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. वर्षभर तेवढंच घातलेलं एक पिल्लू माझ्याकडे आलं होतं, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले.

सोबत लाल भोपळा, साल काढून, उकडून, कुस्करून दोन-तीन मोठे चमचे. किंवा एक छोटा चमचा इसबगोल, पाण्यात नीट भिजवून जेवणात कालवलेला. मोठ्या आतड्याच्या दुखण्याला चोथा मानवतो.

हे सगळं चार आठवडे मन लावून करा. एक वही घाला. बाळूच्या तोंडात जे जे गेलं ते वेळेसह लिहायचं आणि समोर शीला १ ते ७ मधला आकडा द्यायचा. १ म्हणजे खडे, ७ म्हणजे पाणी. २-३ उत्तम: उचलली की फरशीवर डाग राहत नाही. हे काम घरातल्या एखाद्या दहा-बारा वर्षांच्या पोराला द्या. मोठी माणसं खोटं लिहितात, पोरं इमानदारीने 'आजीने बिस्कीट दिलं' अशी नोंद करतात.

एवढं करूनही पोट बिघडलं, तर मग चिकनवरच संशय घ्यावा लागेल. कुत्र्यांना खाण्याची ॲलर्जी होते ती बहुतेक वेळा रोजच्याच गोष्टींची. गोमांस, दूध, चिकन, गहू ही नावं त्यात नेहमी असतात. त्यासाठी दोन आठवडे फक्त कधीच न खाल्लेलं प्रथिन द्यायचं. बाळूने मासे कधी खाल्ले नसतील तर काटे काढलेली उकडलेली सुरमई आणि रताळं. तुमच्याकडे सुरमई महाग, मला कल्पना आहे. दुसरा पर्याय दवाखान्यात मिळणारं खास ड्राय फूड. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. तेही स्वस्त नाही, पण दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे. पोटाचा फरक तेवढ्यात दिसतो (कातडीच्या खाजेला आठ आठवडे लागतात). बरं वाटलं की एकेक जुना पदार्थ परत द्यायचा, एका वेळी एकच, आठवडाभर. ही शेवटची पायरी सगळे गाळतात आणि मग दोषी कोण ते कधीच कळत नाही.

आणि पथ्य म्हणजे पथ्य. माझं स्वतःचं सांगते. आमच्या राणीवर मी हाच प्रयोग केला होता. मासे, रताळं, पाणी, बाकी काही नाही. तेरा दिवस झाले तरी आकडा ५ च्या खाली येईना. मी डॉक्टर, मी हैराण. चौदाव्या दिवशी सकाळी तिला सांधेदुखीची गोळी देताना माझं माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. गोळी कंदी पेढ्यात खुपसलेली. साताऱ्यात राहते, घरात पेढे असतातच. दूध पूर्ण बंद म्हणून घरच्यांना दम देणारी मी रोज सकाळी खवा चारत होते! दुसऱ्या दिवसापासून गोळी रताळ्यात गेली आणि आठवड्यात आकडा ३ वर आला. तेव्हा गोळ्या, टॉनिक, चघळायच्या काड्या, सगळं वहीत लिहा.

घरात मागच्या खेपेची गोळ्यांची अर्धी पट्टी उरली असेल तर ती आपल्या आपण सुरू करू नका. अँटिबायोटिक वारंवार दिलं की आतड्यातले चांगले जंतूही मरतात आणि पोट आणखी नाजूक होतं. माणसांच्या जुलाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या तर नकोतच. शीत रक्त जास्त, सारख्या उलट्या, हिरड्या पांढुरक्या, कुत्रं मलूल, यातलं काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : आमची पॉमेरियन नऊ वर्षांची आहे. पहाटे पिवळं फेसाळ पाणी ओकते, मग गवत खाते, नऊला जेवते आणि दिवसभर छान असते. संध्याकाळी सातला तिचं जेवण होतं. पित्ताचं औषध द्यावं का?
— एक वाचक, चिपळूण

सात ते नऊ म्हणजे चौदा तास पोट रिकामं. एवढ्याशा जिवाला ते फार होतात. रिकाम्या पोटात पित्त वर येतं, तेच ते पिवळं पाणी. औषधाआधी हे करून बघा: संध्याकाळच्या जेवणातलेच दोन चमचे बाजूला काढून रात्री झोपताना द्या आणि सकाळचं जेवण सातला आणा. एकूण खाणं वाढवायचं नाही. दहा दिवसांत पहाटेचं ओकणं थांबलं नाही, किंवा दिवसाही ओकायला लागली, तर रक्त तपासा. नऊ वर्षांच्या कुत्रीत मूत्रपिंड आणि यकृत बघायला हवं. गवत खाऊ दे, फक्त बागेत फवारणी झालेली नाही ना, तेवढं बघा.