गोट्याला सोडून येण्याआधी

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. घरात चार मांजरं. थोरली राणी सगळ्यांवर हुकूम चालवते, सायली भित्री, दोन वर्षांचा बोका गोट्या खादाड आणि लाडका. दिवाळीत पिल्लू आणलं. तेव्हापासून सायली कपाटावरून उतरत नाही आणि गोट्या सासूबाईंच्या चादरीवर शू करतो. त्या म्हणतात, पोत्यात घालून लांब सोडून या. काय करू?

उत्तर : ताई, गोट्याला मुळीच सोडू नका. घरात वाढलेला बोका परक्या गल्लीत टिकत नाही. जनावराला असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांचा राग खोटा नाही, रोज चादर धुवायची तर पाणी कुठून आणायचं?

आधी गोट्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. तो शेपटी उभारून भिंतीवर, दारावर फवारा मारत असेल तर ती हद्द आखणं आहे. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांचं हे थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं. पण चादरीवर बसून शू होत असेल तर मूत्राशयाचा दाह असू शकतो, आणि मांजरांमध्ये तो ताणामुळेही होतो. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी : बोका वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंबच येतोय किंवा काहीच येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एकदोन दिवसांत जीव जातो. आपल्या उन्हाळ्यात तर पाण्याची भांडी दोनतीन ठिकाणी ठेवाच.

चादर फिनेलनं धुऊ नका. काळ्या फिनेलमधले घटक मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा.

आता जागेचं. चार मांजरांना शी-शूसाठी वाळूचे पाच ट्रे असावेत असं तज्ज्ञ सांगतात. तेवढी जागा नसेल तर निदान तीन ठेवा, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एका ओळीत मांडले तर राणी वाटेत बसते आणि बाकीचे अडतात. जेवणाच्या ताटल्याही एकमेकांच्या नजरेआड हव्यात.

सायलीला ओढून खाली काढू नका. कपाट हीच तिची सुरक्षित जागा आहे, खाणंपाणी तिथेच द्या. उतरायला दुसरी वाट म्हणून शेजारी स्टूल ठेवा, म्हणजे राणीला चुकवून तिला येता येईल.

पिल्लाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून करा. त्याच्या गालावर फिरवलेलं फडकं इतरांच्या ताटलीजवळ ठेवायचं, त्यांचं त्याच्याजवळ. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आणि कुणी फिस्कारेनासं झालं की दार थोडं उघडायचं. याला आठवडे लागतात.

सासूबाईंकडे दोन महिन्यांची मुदत मागा. तोवर त्यांच्या खोलीचं दार बंद राहील, एवढं तुम्ही पाहा.