नागपूर भागातली बससेवा पुन्हा सरकारने चालवावी का?

हो, निदान गावाकडच्या फेऱ्या तरी. शहरातली 'आपली बस' महापालिकेची, पण चालवतात खासगी ठेकेदार. तिथे मार्ग आणि वेळा महापालिकेने हातात घट्ट धरल्या तरी बरंच साधेल. सरकारने अंगच काढून घेतलं की काय होतं, ते शेजारी मध्य प्रदेशात बघा. त्यांनी २००५ मध्ये आपलं परिवहन महामंडळ गुंडाळायला घेतलं. छिंदवाड्याहून परतताना मी खासगी गाडीत तासभर घामाघूम बसलोय. सीटा भरल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवेना. इकडे माझी आई गणेशपेठहून सावनेरला एसटीने जाते. गाडीत चार माणसं असली तरी कंडक्टर घंटी मारतो, गाडी सुटते. शिवाय २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तोट्यातली अशी फेरी ठेकेदार स्वतःहून कधीच चालवणार नाही.