मुलाला छापखान्याच्या खिळ्यांचा नाद लागलाय, यात पोट भरेल का?

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, मार्क चांगले, पण जीव सगळा आजोबांच्या बंद पडलेल्या छापखान्यात. केसमधले, म्हणजे खणांच्या ट्रेमधले खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) काढून जुळवत बसतो, जुन्या पंचांगांचे फोटो काढतो आणि आता म्हणतो मला छपाईचा, टायपोग्राफीचा (म्हणजे छापील अक्षरांच्या घडणीचा आणि मांडणीचा) इतिहासच शिकायचाय. वडील म्हणतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, बाकीचं नंतर बघू. ताईंचा प्रश्न, यात पोट भरेल का?

ताई नमस्कार, आधी स्पष्ट सांगते. नुसत्या इतिहासावर पोट भरायचं तर म्युझियम, अभिलेखागार, कॉलेजात शिकवणं एवढंच उरतं आणि तिथल्या जागा फार थोड्या. पण टाईप डिझाईन म्हणून जे काम आहे, म्हणजे फॉन्ट बनवायचं, त्यात हा इतिहास रोज लागतो, आणि मला वाटतं मुलाला तेच हवंय, फक्त त्या कामाचं नाव त्याला अजून माहीत नाहीये.

निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी बघा ना, शिक्षण बेताचं, लहानपणीच मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला लागले, आणि पुढे 1864 मध्ये स्वतःची टाईप फाउंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना काढला, 1869 ला छापखाना. संस्कृत-मराठी ग्रंथांची त्यांची छपाई इतकी देखणी की आजही जाणकार ती पुस्तकं जपून ठेवतात. म्हणजे आधी अक्षर नीट केलं, मग पुस्तकं छापली!

आता वडिलांसाठी एक गोष्ट, ही त्यांना जरूर वाचून दाखवा. इंग्रजीला थोडक्या खिळ्यांत भागतं, पण आपल्याकडे अख्खं अक्षर, अर्धं अक्षर, जोडाक्षर, वेलांट्या, उकार, रफार असे शेकडो खिळे लागायचे आणि जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराला, केसमधल्या सगळ्या घरांच्या जागा पाठ ठेवाव्या लागायच्या. टिळकांनी केसरीसाठी हे खिळे कमी करायचा केवढा खटाटोप केला. बरं, कॉम्प्युटर आल्यावर हा प्रश्न सुटला का, तर नाही, तो फक्त कोडमध्ये गेला. ‘कि’ टाईप करताना आपण आधी क दाबतो मग वेलांटी, पण स्क्रीनवर वेलांटी आधी दिसायला हवी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात र वेगळा दिसला पाहिजे, नाहीतर आचार्यांचा स्वयंपाकी होतो. आपला ल आणि श हिंदीच्या वळणाचा नको, मराठीचा हवा. हे सगळे नियम फॉन्टच्या आत कोणीतरी बसून लिहितं, आणि त्या कामात पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा सर्रास वापरतात. म्हणजे बाप-लेक भांडतायत खरे पण दोघं एकाच कामाबद्दल बोलतायत.

आणि हे काम करणारी माणसं आपल्याकडचीच आहेत. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं दिसणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केलेला, ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईनच्या विभागात शिकवायचे, मराठीत कविता लिहायचे. मुंबईच्याच ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू हे फॉन्ट आज कोणीही फुकट वापरू शकतं. मोठं मार्केट नाही हे खरं, सुरुवातीला बऱ्याच जणांना ग्राफिक डिझाईन किंवा पॅकेजिंगची कामं करत करत हे शिकावं लागतं, ती तयारी मनाची आत्ताच ठेवा.

वाट म्हणाल तर त्याने युसीड ही डिझाईनची प्रवेशपरीक्षा द्यावी, त्यावर आयआयटी मुंबईला बीडेसला, म्हणजे डिझाईनच्या पदवीला प्रवेश मिळतो, सायन्सच लागतं असं नाही, आणि फक्त दोनच संधी असतात, बारावीच्या वर्षी आणि लगेच पुढच्या वर्षी, म्हणून फॉर्मची तारीख चुकवू नका. सोबत एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची परीक्षा आणि मुंबईच्या जेजेचं उपयोजित कलेचं शिक्षण हेही बघा. छपाईच्या मशीनचंच वेड असेल तर पुण्यात पीव्हीजी कॉलेजला प्रिंटिंग इंजिनिअरिंग आहे. यातलं काहीच जमलं नाही तरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून सीड ही पदवीनंतरची प्रवेशपरीक्षा देऊन एमडेसला, म्हणजे डिझाईनच्या पदव्युत्तर शिक्षणाला जाता येतं, ही वाट मला तरी वाईट वाटत नाही. परदेशात इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात टाईप डिझाईनचं एमए आहे, पण तो खर्च आत्ता डोक्यातही आणू नका.

छापखान्यातले खिळे मात्र भंगारवाल्याला किलोवर देऊ नका प्लीज. एकेका केसचे प्रूफ, म्हणजे कागदावरचे ठसे काढून त्याने वही करावी, कुठल्या फाउंड्रीचा टाईप, कुठल्या जोडाक्षराला वेगळा खिळा होता, कुठलं दोन खिळे जोडून व्हायचं, आजोबांना विचारून तारखेसकट लिहावं. कॉलेजच्या इंटरव्ह्यूला किंवा पुढे पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात, अशी वही फार कमी मुलांकडे असते. खिळ्यात शिसं असतं, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, तिथे बसून काही खायचं नाही. आणि फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर टाकून त्याच वहीतली निदान दहा अक्षरं तरी या सुट्टीत काढून बघायला सांगा. त्या दहा अक्षरांवर तो महिनाभर न कंटाळता बसला तर मला परत लिहा, मग पोर्टफोलिओ कसा लावायचा ते सविस्तर बोलू.