हॉल नाही घेतला तर पोराला कमीपणा वाटेल का?

‘‘वर्गातल्या सगळ्यांचे वाढदिवस हॉलमध्ये होतात. आमच्याचा घरी केला तर त्याला कमीपणा वाटेल नं?’’ नागपुरातल्या मानेवाड्याहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा फेब्रुवारीअखेरीस ४ वर्षांचा होणार होता. पहिलाच नातू, तेव्हा ६० माणसं तरी हवीतच, असा सासूबाईंचा आग्रह होता. नवऱ्याने ३ हजारांची मर्यादा घातली होती. या ओढाताणीत तिची झोप उडाली होती.

मागच्या महिन्यात हॉलमधल्या वाढदिवसाला मुलाने काय केलं, एवढंच तिला विचारलं. थोडं आठवून ती म्हणाली, डीजे सुरू झाला तसे त्याने कान झाकले. केक कापायला साडेनऊ वाजले, तोवर तो खांद्यावर झोपला होता. उत्तर तिच्याच बोलण्यात होतं. ४ वर्षांच्या मुलाला भाड्याचा आकडा कळत नाही. ओळखीची पोट्टी, हाताला काही काम आणि झोपेच्या आधी केक, एवढं त्याला पुरतं. कमीपणाची भीती मोठ्यांची असते. ती खरी असते, म्हणून तिचीही सोय करावी लागते.

म्हणून आधी सासूबाई. तिथीच्या दिवशी संध्याकाळी औक्षण, घरचे आणि जवळचे नातेवाईक, शिरा आणि चहा. हा मान त्यांचा. मुलांचा कार्यक्रम वेगळा, रविवारी ५ ते पावणेसात. निमंत्रणात संपायची वेळ आवर्जून लिहायची, कारण दोन तासांपुढे या वयाची मुलं दमतात आणि भांडतात. दुपारची झोप त्या दिवशी चुकवायची नाही. पाहुणी मुलं ८, म्हणजे घरचा धरून ९.

थीम मुलानेच सुचवली: संत्री. फेब्रुवारीत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री बाजारात असतात, म्हणजे सजावट, खेळ आणि खाऊ एकाच पिशवीतून. किलोत मध्यम आकाराची ६ ते ८ बसतात. प्रत्येकी ३ धरली तर २७, म्हणून ५ किलो.

थीम तीनच जागी ठेवायची: दार, केकचं टेबल आणि खेळ. अख्खं घर सजवायला गेलं की आई आदल्या रात्री १२ पर्यंत जागते आणि सकाळी चिडचिडी उठते. नारिंगी कार्डपेपरचे वाटीएवढे गोल आणि हिरवी पानं कापून सुतळीला चिकटवायची, सुतळी खिडकीच्या गजांना बांधायची. भिंतीला टेप लावला की रंगाचे पोपडे निघतात. फुगे टाळलेले बरे. फुटल्याच्या आवाजाने लहान मुलं दचकतात, आणि फुटक्या रबराचा तुकडा तोंडात गेला तर श्वास अडकू शकतो.

मुख्य खेळ: संत्र्यांना चेहरे. डोळ्यांना टिकल्या, तोंड मार्करने. संत्री आधी कोरडी पुसून ठेवायची. फ्रिजमधून काढली तर त्यांना पाणी सुटतं, टिकल्या गळतात आणि मुलं रडकुंडीला येतात. दुसरा खेळ, लपवलेली संत्री शोधायची. ती मुलांच्या कमरेखालच्या उंचीवरच लपवायची आणि ‘प्रत्येकी ३’ हे आधीच सांगायचं, नाहीतर एक चपळ पोरगा १० गोळा करतो आणि धाकटी रिकाम्या हाताने उभी राहते. बाद होण्याचे खेळ या वयात नकोत. बाहेर बसवलेलं मूल तिथेच मोठ्याने रडू लागतं. आपापली ३ संत्री कापडी पिशवीतून घरी, हीच परतभेट.

खाण्यात इडली, चिवडा आणि अर्धा किलो साधा केक. चिवड्यातले शेंगदाणे काढायचे, घशात अडकतात. केकवर संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी कापायच्या अगदी आधी लावायच्या, आधी लावल्या तर रसाने क्रीम ओलं होतं. मोठ्यांसाठी पाव किलो संत्रा बर्फी.

भेटवस्तू आल्या तर तशाच आतल्या खोलीत. सगळ्यांसमोर उघडल्या की ‘माझं, माझं’ सुरू होतं, आणि वाढदिवसाच्या मुलावरच ओरडा पडतो. केकच्या वेळी मूल अडून बसलं तर १० मिनिटं थांबायचं, मांडीवर घ्यायचं. फोटोसाठी ओढायचं नाही.

पुढच्या भेटीत तिने हिशेब दाखवला, २ हजार ६०० च्या आत सगळं झालं होतं. तरी मनात एक खटकत होतं: चार दिवसांनी मुलाने विचारलं, ‘‘आपण हॉलमध्ये काहून नाही केला?’’ तिला गलबलून आलं होतं. अशा वेळी ‘पैसे नव्हते’ म्हणून मुलाला दडपण देऊ नये आणि ‘पुढच्या वर्षी करू’ असं खोटंही बोलू नये. ‘‘आपण घरी करायचं ठरवलं. तुला हॉलमधलं काय आवडलं होतं?’’ एवढं विचारावं. तिने त्याच दिवशी घरी जाऊन विचारलं. त्याला साबणाचे फुगे हवे होते. १ वाटी भांड्यांचा लिक्विड साबण, ५ वाट्या पाणी, २ चमचे साखर, आणि वाकवलेल्या तारेचं एक कडं. गच्चीवर पुढचा अर्धा तास तो फुग्यांमागे धावत होता.